ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय, कन्सोलच्या पडद्यावर चित्रे कशी पाहावीत

खान्देशात डेस्कटॉप न बसवलेल्या संगणकावर चित्र पाहण्याची गरज प्रामुख्याने दोन कामांत पडते. पहिले काम मळ्यातले आहे. रावेर, यावल किंवा चोपडा तालुक्यात केळीच्या बागेजवळच्या मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पायसारखा लहानसा संगणक ठेवला, त्याला कॅमेरा जोडला आणि तो ठरावीक वेळाने पानांची छायाचित्रे साठवू लागला, की ती छायाचित्रे जळगावात किंवा भुसावळात बसून पाहायची असतात. दुसरे काम कागदपत्रांचे आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळामुळे १९२७ सालापासून या भागात जुन्या कागदांचे मोल लोकांना ठाऊक आहे, आणि रुमालात बांधून ठेवलेले मोडी कागद, हिशेबाच्या वह्या, खरेदीखते आता अनेक घरांत आणि वाचनालयांत स्कॅन करून ठेवावीशी वाटतात. या कामाला बहुधा एखादा जुना संगणक दिला जातो, ज्याची मेमरी एक-दोन जीबी असते आणि जो डेस्कटॉपचा भार नीट पेलत नाही.

अशा संगणकावर डेबियन, उबंटू सर्व्हर किंवा रास्पबेरी पाय ओएस लाइट यांसारखी प्रणाली बसवली, की समोर फक्त काळा पडदा आणि आज्ञा लिहिण्याची जागा दिसते. यालाच कन्सोल म्हणतात. फाइल आहे, तिचे नाव दिसते, पण आत काय आहे ते कसे पाहायचे हे कळत नाही, आणि मग केवळ चित्रे पाहण्यासाठी अख्खा डेस्कटॉप बसवण्याचा विचार सुरू होतो. त्याची गरज नाही. कन्सोलवर चित्र पाहण्याची साधने पुष्कळ वर्षांपासून आहेत, ती लहान आहेत आणि कमी मेमरीत चालतात. अडचण होते ती साधन निवडताना, कारण ही साधने दोन निराळ्या परिस्थितींसाठी बनवलेली आहेत आणि एका परिस्थितीतले साधन दुसऱ्या परिस्थितीत वापरले तर ते चालतच नाही.

आज्ञा लिहिण्याविषयी एक खुलासा येथेच करतो. या लेखात आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकाव्यात. ‘एफबीआय’ म्हणजे एफ, बी, आय ही तीन सुटी अक्षरे, आणि ‘सुडो’, ‘इन्स्टॉल’ हे शब्द आपल्या नेहमीच्या स्पेलिंगने. जिथे स्पेलिंग उच्चारावरून लक्षात येणार नाही, तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत. चित्राच्या आज्ञांत पर्यायांची लघुरूपे असतात आणि त्यांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक महत्त्वाचा असतो, म्हणून शक्य तिथे मी पर्यायांची पूर्ण नावे वापरली आहेत. ती दोन आडव्या रेघांनी सुरू होतात.

पडदा कुठे आहे, हे आधी ठरवा

सगळ्या गोंधळाचे मूळ या एका प्रश्नात आहे. तुमच्या डोळ्यांसमोरचा पडदा थेट त्याच संगणकाला केबलने जोडलेला आहे, की तुम्ही दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या संगणकावर आज्ञा चालवण्याच्या सोयीने, त्या संगणकात शिरला आहात?

पडदा थेट जोडलेला असेल, तर त्या संगणकाचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पडद्यावरचा प्रत्येक बिंदू स्वतः रंगवू शकतो. चित्र दाखवणाऱ्या साधनाने फक्त योग्य ठिकाणी रंगांचे आकडे लिहायचे असतात, आणि चित्र डेस्कटॉपवर दिसते तितकेच स्वच्छ दिसते. याउलट एसएसएचच्या वाटेने फक्त अक्षरे प्रवास करतात. बिंदू रंगवायचे असतील तर ते अक्षरांच्या रूपात पाठवावे लागतात, आणि ती अक्षरे पुन्हा चित्रात बदलण्याचे काम तुमच्या हातातल्या संगणकावरच्या टर्मिनलला, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीला, करावे लागते. म्हणून पहिल्या परिस्थितीत चित्रे साठवलेल्या संगणकाची क्षमता महत्त्वाची ठरते आणि दुसऱ्या परिस्थितीत तुमच्या टर्मिनलची.

शंका असल्यास ही आज्ञा द्यावी:

टीटीवाय

उत्तरात ‘/डेव्ह/टीटीवाय१’ किंवा टीटीवायपुढे असाच एखादा आकडा आला, तर तुम्ही खऱ्या कन्सोलवर आहात. ‘/डेव्ह/पीटीएस/०’ असे काही आले, तर तुम्ही एसएसएचने आला आहात किंवा एकाच टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणाऱ्या टीमक्स, स्क्रीन यांसारख्या आवरणात आहात. खऱ्या कन्सोलवर बसूनही टीमक्स सुरू केले असेल तर उत्तर पीटीएस असेच येते, आणि थेट पडद्यावर रंगवणारी साधने तिथे अडतात. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळा एकत्र दाबून दुसऱ्या रिकाम्या कन्सोलवर जावे आणि तिथे नव्याने लॉगिन करावे.

चित्र उघडण्यापूर्वी फाइल तपासा

फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी लिहिले आहे म्हणून ती जेपीजी असतेच असे नाही. मोबाइलवरून आलेल्या फाइलींत तर ही सरमिसळ नेहमीच आढळते. म्हणून आधी एवढेच करावे:

फाइल पान०१.जेपीजी

ही आज्ञा फाइलचा खरा प्रकार सांगते आणि बहुतेक चित्रांची लांबी-रुंदी बिंदूंमध्ये देते. उत्तरात एचईआयसी किंवा एचईआयएफ असा उल्लेख आला, तर ते छायाचित्र बहुधा आयफोनचे आहे आणि जुनी साधने ते उघडणार नाहीत. अशा फाइलीसाठी डेबियनमधील ‘लिबहेइफ-एक्झांपल्स’ हे पॅकेज बसवावे आणि त्यातल्या ‘हेइफ-कन्व्हर्ट’ या आज्ञेने त्याची जेपीजी प्रत करून घ्यावी. दोन्ही नावांतील हेइफचे स्पेलिंग एच, ई, आय, एफ असे आहे.

चित्राची लांबी-रुंदी पाहण्याचे कारण मेमरी हे आहे. ४००० बाय ३००० बिंदूंचे छायाचित्र डिस्कवर तीन-चार एमबीचे असले, तरी पडद्यावर दाखवण्यासाठी ते उलगडावे लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला तीन बाइट धरले तर ते ३६ एमबी होते. दोन जीबीच्या संगणकाला याचे काही वाटणार नाही, पण ५१२ एमबीच्या रास्पबेरी पायवर अशी पन्नास छायाचित्रे एकामागून एक पाहताना फरक लगेच जाणवतो. पाहण्यापुरत्या लहान प्रती इमेजमॅजिक या साधनसंचाने करता येतात:

कन्व्हर्ट मूळ.जेपीजी -ऑटो-ओरिएंट -रिसाइझ १६००×१६०० लहान.जेपीजी

आकड्यांच्या मधली फुली म्हणजे रोमन एक्स हे अक्षर. चित्राचे प्रमाण न बिघडवता ते १६०० बिंदूंच्या चौकटीत बसवले जाते आणि मोबाइल आडवा धरून काढलेले छायाचित्र सरळही होते. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत ‘कन्व्हर्ट’ऐवजी ‘मॅजिक’ ही आज्ञा आहे. याच संचात ‘मोग्रिफाय’ नावाची आज्ञा आहे, जी मूळ फाइलवरच लिहिते. जुन्या कागदांच्या स्कॅनवर ती कधीही चालवू नये, कारण एकदा लहान झालेला स्कॅन परत मोठा होत नाही आणि मूळ कागद दुसऱ्यांदा स्कॅनरवर ठेवणे त्या कागदालाही सोसवेलच असे नाही.

पडदा थेट जोडलेला असेल तर

लिनक्स कर्नल पडद्यासाठी मेमरीचा एक भाग राखून ठेवतो, ज्यात पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा रंग आकड्यांत लिहिलेला असतो. त्याला फ्रेमबफर म्हणतात. १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यासाठी, प्रत्येक बिंदूला चार बाइट धरून, हा भाग सुमारे ८.३ एमबीचा होतो. कर्नल तो ‘/डेव्ह/एफबी०’ या फाइलीच्या रूपाने उघडा ठेवतो, आणि त्या फाइलीत लिहिले की पडद्यावर उमटते. प्रथम ही फाइल आहे का ते पाहावे:

एलएस -एल /डेव्ह/एफबी०

फाइल असेल तर तिच्या ओळीत गटाचे नाव ‘व्हिडिओ’ असे दिसेल. सामान्य वापरकर्त्याला या फाइलीत लिहिता यावे म्हणून त्याला त्या गटात घालावे लागते (‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे):

सुडो अ‍ॅडयुजर आपले-नाव व्हिडिओ

यानंतर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन केल्याशिवाय हा बदल लागू होत नाही. ही पायरी बरेच जण विसरतात आणि मग परवानगी नाकारल्याचा संदेश पाहून साधनाला दोष देतात.

फाइलच नसेल, तर कर्नलला सुरू होताना कोणत्या सूचना दिल्या आहेत ते ‘कॅट /प्रोक/सीएमडीलाइन’ या आज्ञेने पाहावे. त्यात ‘नोमोडसेट’ हा शब्द असेल तर कर्नलने ग्राफिक्स कार्डाचा खरा चालक (ड्रायव्हर) वापरलेलाच नाही. प्रणाली बसवताना पडदा काळा पडत होता म्हणून कोणीतरी तो शब्द घातलेला असतो आणि तो तसाच राहून जातो. तो काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर बहुतेक वेळा फ्रेमबफरही मिळतो आणि पडद्याची खरी बिंदुसंख्याही मिळते. सध्याची बिंदुसंख्या ‘/सिस/क्लास/ग्राफिक्स/एफबी०’ या फोल्डरमधील ‘व्हर्च्युअल_साइझ’ या फाइलीत लिहिलेली असते.

आता मुख्य साधन बसवावे. त्याचे नाव एफबीआय, आणि ते गेर्ड हॉफमन यांनी लिहिले आहे:

सुडो एपीटी इन्स्टॉल एफबीआय

आणि चित्र उघडावे:

एफबीआय --ऑटोझूम पान०१.जेपीजी

ऑटोझूममुळे चित्र पडद्यात मावेल असे लहान-मोठे होते. एका आज्ञेत अनेक फाइली देता येतात, किंवा तारांकन वापरून ‘*.जेपीजी’ असे लिहिले की त्या फोल्डरमधील सगळी चित्रे क्रमाने मिळतात. स्पेसबार किंवा पेजडाउनने पुढचे चित्र येते, पेजअपने मागचे. अधिक आणि उणे या कळांनी चित्र जवळ-दूर होते, बाणांच्या कळांनी ते सरकते, आर आणि एल या कळांनी उजवीकडे-डावीकडे वळते, आय दाबले की छायाचित्राची माहिती दिसते, एच दाबले की कळांची यादी येते, आणि क्यू दाबले की कार्यक्रम बंद होतो.

मोडी कागद वाचताना मात्र नुसत्या ऑटोझूमचा उपयोग होत नाही. ए-फोर कागद ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदूंनी, स्कॅन केला तर चित्र २४८० बाय ३५०८ बिंदूंचे होते, आणि जुन्या मॉनिटरची उंची बहुतेक वेळा ७६८ बिंदू असते. पूर्ण पान पडद्यात बसवले की अक्षरांचे वळण हरवते, आणि मोडीत वळण हरवले की वाचनच थांबते. अशा वेळी ‘--ऑटोझूम’सोबत ‘--फिटविड्थ’ हा पर्यायही द्यावा. त्याने पानाची रुंदी पडद्याच्या रुंदीइतकी होते आणि उंची बाहेर राहते, म्हणजे बाणाच्या कळेने ओळीमागून ओळ वर सरकवत वाचता येते. एखादा शब्द अडला तर अधिक दाबून तेवढा भाग मोठा करावा.

या साधनाची एक सोय फार उपयुक्त आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. स्पेसबारने पुढचे चित्र येते तसे एंटरनेही येते, पण एंटर दाबल्यावर सध्याच्या चित्राचे नाव साधन बाहेर लिहून ठेवते. म्हणून आज्ञा अशी द्यावी:

एफबीआय --ऑटोझूम *.जेपीजी > निवड

आता केळीच्या पानांची दिवसभराची छायाचित्रे एकामागून एक पाहत जावे. पान निरोगी असेल तर स्पेसबार दाबावा, करप्याच्या रेषा किंवा ठिपके दिसत असतील तर एंटर दाबावा. शेवटी ‘निवड’ या फाइलीत फक्त संशयास्पद छायाचित्रांची नावे उरतात. ती यादी परत एफबीआयला ‘--लिस्ट निवड’ असे सांगून देता येते आणि तेवढीच चित्रे दुसऱ्यांदा बारकाईने पाहता येतात, किंवा त्या यादीवरून फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून कृषी सल्लागाराकडे पाठवता येतात. शेकडो छायाचित्रांतून कामाची वेगळी काढण्यासाठी माउसने एकेक फाइल ओढण्यापेक्षा ही रीत कितीतरी जलद आहे, आणि माझ्या मते डेस्कटॉप असलेल्या माणसानेही ती शिकून घ्यावी.

एसएसएचने शिरून एफबीआय चालवले तर ते ‘हा लिनक्स कन्सोल नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. तिथे कन्सोलचा क्रमांक स्पष्ट सांगावा लागतो:

सुडो एफबीआय --व्हीटी १ --ऑटोझूम पान०१.जेपीजी

येथे एक गैरसमज वारंवार होतो. या आज्ञेने चित्र उघडते, पण ते त्या दूरच्या संगणकाला जोडलेल्या पडद्यावर उघडते. तुम्ही जळगावात असाल आणि संगणक रावेरच्या मळ्यात असेल, तर चित्र मळ्यातल्या खोलीत दिसेल, तुमच्यासमोर काहीच येणार नाही. वाचनालयातल्या किंवा शाळेतल्या पडद्यावर दुरून चित्र लावण्यासाठी ही आज्ञा उत्तम आहे, पण स्वतः पाहण्यासाठी ती नाही. असे लावलेले चित्र काढायचे असेल तर ‘सुडो किलऑल एफबीआय’ असे लिहावे.

एफबीआयवरूनच पुढे विकसित झालेले एफआयएम नावाचे साधन आहे. त्यात व्हीआय या संपादकासारख्या कळा आहेत, स्वतःच्या आज्ञा लिहिता येतात आणि फाइलच्या नावावरून शोधही घेता येतो. ज्यांना व्हीआयची सवय आहे त्यांनी ते अवश्य वापरावे. इतरांना एफबीआय पुरेसे आहे.

काही नव्या संगणकांवर फ्रेमबफर नीट मिळत नाही, कारण कर्नलने २००९ नंतर पडद्याचा कारभार हळूहळू डीआरएम या नव्या व्यवस्थेकडे सोपवला आहे आणि जुनी फाइल तिच्यावर केवळ नक्कल म्हणून उभी असते. तिथे एमपीव्ही हा चित्रफिती दाखवणारा कार्यक्रम उपयोगी पडतो:

एमपीव्ही --व्हीओ=डीआरएम --इमेज-डिस्प्ले-ड्युरेशन=आयएनएफ पान०१.जेपीजी

शेवटचा पर्याय दिला नाही तर चित्र लगेच निघून जाते, कारण एमपीव्ही स्थिर चित्रालाही ठरावीक लांबीची चित्रफीत समजतो.

मराठी मजकूर आणि पीडीएफ

लिनक्स कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात, आणि जोडाक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या जुळवण्याची व्यवस्था त्यात नाही. त्यामुळे देवनागरी मजकूर आणि देवनागरी फाइलनावे तिथे चौकोनांच्या रांगा होऊन दिसतात. फाइल बिघडलेली नसते, केवळ ती दाखवण्याची सोय नसते. चित्रांची नावे रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवावीत हे बरे. वर दिलेली उदाहरणेही प्रत्यक्षात तशीच ठेवावीत.

पण चित्र दाखवता येते म्हटल्यावर मराठी मजकूरही चित्र करून वाचता येतो, आणि हा उपाय मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘पँगो१.०-टूल्स’ आणि ‘फाँट्स-लोहित-देवा’ ही पॅकेजे बसवावीत. यातल्या ‘पँगो’चे स्पेलिंग पी, ए, एन, जी, ओ आणि ‘देवा’चे डी, ई, व्ही, ए असे आहे. मग:

पँगो-व्ह्यू --नो-डिस्प्ले --फाँट="लोहित देवनागरी २४" --आउटपुट=वाचन.पीएनजी मजकूर.टीएक्सटी

तयार झालेले ‘वाचन.पीएनजी’ एफबीआयने उघडले की जोडाक्षरांसह शुद्ध मराठी समोर येते. फाँटच्या नावातील दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे टंकावे.

पीडीएफसाठीही हीच दिशा आहे. सातबारा उतारा, परिपत्रक किंवा स्कॅन केलेले पुस्तक पीडीएफमध्ये असेल, तर ‘पॉपलर-युटिल्स’ या पॅकेजमधील पीडीएफटूपीपीएम या आज्ञेने त्याची पाने चित्रांत बदलावीत. मधल्या ‘टू’ची अक्षरे टी आणि ओ आहेत.

पीडीएफटूपीपीएम -आर १५० -पीएनजी उतारा.पीडीएफ पान

१५० डीपीआयला ए-फोर पान १२४० बाय १७५४ बिंदूंचे होते, जे छापील मजकुरासाठी पुरते. ‘पान’ हे तयार होणाऱ्या फाइलींच्या नावाचे सुरुवातीचे अक्षरगट आहे आणि त्यापुढे पानांचे क्रमांक आपोआप लागतात. मोठ्या पुस्तकाची काहीच पाने हवी असतील तर ‘-एफ ३ -एल ५’ असे लिहून तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचीच पाने काढावीत, नाहीतर लहान डिस्क भरून जाईल.

दुरून पाहायचे असेल तर

आता मळ्यातल्या संगणकाकडे वळू. एसएसएचने चित्र पाहण्याच्या दोन पातळ्या आहेत, आणि पहिली पातळी जवळपास कोणत्याही टर्मिनलवर चालते.

अक्षराच्या एका घरात दोन रंग असू शकतात, एक अक्षराचा आणि एक पार्श्वभूमीचा. अर्धे घर भरणारे चिन्ह छापले की वरच्या अर्ध्याला एक रंग आणि खालच्या अर्ध्याला दुसरा रंग मिळतो, म्हणजे एका घरात दोन बिंदू होतात. ८० स्तंभ आणि २४ ओळींच्या खिडकीत अशा रीतीने ८० बाय ४८ बिंदूंचे चित्र तयार होते. हे काम करणारे सर्वांत चांगले साधन म्हणजे हान्स पेटर यान्सन यांचे चाफा. त्याचे स्पेलिंग सी, एच, ए, एफ, ए.

सुडो एपीटी इन्स्टॉल चाफा

चाफा --साइझ=८०×२४ पान०१.जेपीजी

चाफा अर्ध्या घरावर थांबत नाही. तो निरनिराळ्या आकारांच्या चिन्हांतून प्रत्येक घराला सर्वांत जवळचे चिन्ह निवडतो, म्हणून त्याचे चित्र इतरांपेक्षा रेखीव दिसते. दळणवळणाच्या दृष्टीनेही ते स्वस्त पडते. १९२० घरांपैकी प्रत्येकाला दोन रंगांच्या सूचना धरून चाळीसेक बाइट लागले तरी सगळे चित्र सुमारे ७५ केबीत संपते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाइलचा सिग्नल कमी-जास्त होत असला तरी एवढे काही क्षणांत पोहोचते. मूळ चार एमबीची फाइल आणणे तिथे निराळीच गोष्ट असते.

या चित्राकडून काय अपेक्षा ठेवावी हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. कॅमेरा सुरू आहे का, भिंगावर धूळ किंवा कोळ्याचे जाळे बसले आहे का, चौकटीत पान आहे की वाऱ्याने कॅमेरा फिरून आभाळाकडे वळला आहे, छायाचित्र दिवसाचे आहे की अंधारात निघाले आहे, हे सगळे त्यातून खात्रीने कळते. करप्याची सुरुवात त्यातून कळत नाही, कारण ती बारीक रेषांनी होते आणि ८० बिंदूंच्या रुंदीत त्या रेषांना जागाच नाही. या चित्रावरून रोगाविषयी किंवा फवारणीविषयी कोणताही निर्णय घेऊ नये. खिडकी मोठी करून टर्मिनलचा फाँट लहान केला तर घरे वाढतात आणि चित्र सुधारते, पण तेही एका मर्यादेपर्यंतच. जेपीटूए आणि लिबकाका यांसारखी जुनी साधने चित्र केवळ अक्षरांनी उभे करतात. रंग नसलेल्या टर्मिनलवर त्यांचा उपयोग आहे, एरवी कामासाठी चाफाच घ्यावा.

दुसऱ्या पातळीवर खरे बिंदू पाठवले जातात, आणि तिथे तुमच्या टर्मिनलला त्यांची भाषा यावी लागते. अशा भाषांतली सर्वांत जुनी सिक्सेल. डीईसी या कंपनीने ती १९८० च्या दशकात आपल्या छपाईयंत्रांसाठी आणि टर्मिनलांसाठी आणली. तिच्यात एका अक्षरात एकाखाली एक असे सहा बिंदू बसवले जातात, म्हणून एकूण ६४ अक्षरे पुरतात, आणि ती सगळी साधी छापण्याजोगी अक्षरे असल्यामुळे एसएसएचच्या वाटेने बिनबोभाट जातात. एमएलटर्म, फूट, वेझटर्म या टर्मिनलांना सिक्सेल येते. विंडोज टर्मिनलला ते १.२२ या आवृत्तीपासून येते, ही आपल्याकडे विंडोज वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मोठी सोय झाली आहे. पुटीला ते येत नाही. एक्सटर्मला येते, पण त्यासाठी ते ‘एक्सटर्म -टीआय व्हीटी३४०’ असे सुरू करावे लागते. साधन तेच राहते, फक्त रूप सांगावे लागते:

चाफा --फॉरमॅट=सिक्सेल पान०१.जेपीजी

चित्र उमटले तर पुढचा प्रश्नच नाही. त्याऐवजी अक्षरांची लांबच लांब रांग आली तर टर्मिनलला सिक्सेल येत नाही असे समजावे.

दुसरी भाषा किटी या टर्मिनलची. किटी आणि कॅलिबर हा ई-पुस्तकांचा कार्यक्रम हे दोन्ही कोविद गोयल यांनी लिहिले आहेत. या पद्धतीत रंगांची छाटणी होत नाही, म्हणून छायाचित्र मूळ रंगांत दिसते. तुमच्या संगणकावर किटी असेल तर वरील आज्ञेत ‘सिक्सेल’च्या जागी ‘किटी’ लिहावे. चित्राची माहिती अक्षरांत बदलताना तिचा आकार एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून कमकुवत जोडणीवर आधी ‘--साइझ’ने चित्र लहान करावे. पानावरचा ठिपका दुरून तपासायचा असेल तर संपूर्ण छायाचित्र मोठे मागवण्यापेक्षा हवा तेवढाच तुकडा कापून पाठवणे शहाणपणाचे आहे:

कन्व्हर्ट पान०१.जेपीजी -क्रॉप ८००×६००+१२००+९०० तुकडा.पीएनजी

पहिले दोन आकडे तुकड्याची रुंदी आणि उंची सांगतात, पुढचे दोन तो डावीकडून आणि वरून किती बिंदूंवर सुरू होतो ते सांगतात. आधी चाफाने अख्खे चित्र अंधुक पाहून संशयाची जागा ठरवावी, मग तेवढा तुकडा सिक्सेलने किंवा किटीने स्पष्ट पाहावा. मळ्यातली छायाचित्रे दुरून तपासण्याची ही दोन टप्प्यांची पद्धत मी सर्वांना सुचवतो.

टीमक्समध्ये असताना ही दोन्ही रूपे अडू शकतात. टीमक्स ३.४ पासून सिक्सेल समजतो, पण तो त्या सोयीसह बांधलेला असेल तरच. अडचण आली तर टीमक्सबाहेर येऊन पाहावे.

पडद्यावर चित्रमाला लावून ठेवणे

शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या दालनात एखादा पडदा सतत चित्रे दाखवत ठेवायचा असेल तर तेही याच साधनाने होते:

सुडो एफबीआय --व्हीटी १ --ऑटोझूम --नोव्हर्बोज --टाइमआउट १० *.जेपीजी

दर दहा सेकंदांनी चित्र बदलते, आणि नोव्हर्बोजमुळे खालची माहितीची पट्टी दिसत नाही. जुन्या कर्नलवर दहा मिनिटांनी पडदा आपोआप काळा होतो. ते टाळण्यासाठी कर्नलच्या सूचनांत ‘कन्सोलब्लँक=०’ हे जोडावे. वीज जाऊन आल्यावर चित्रमाला कोणी येऊन सुरू करण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून ‘सुडो क्रॉनटॅब -ई’ असे लिहून उघडलेल्या फाइलीत ‘@रीबूट’ या शब्दापुढे हीच आज्ञा ‘सुडो’ वगळून लिहावी, आणि चित्रांच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यावा, कारण क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेला, तुमचे सध्याचे फोल्डर ठाऊक नसते.

पडदा बिघडला तर

सिक्सेलची अक्षरे चुकीच्या टर्मिनलवर सांडली किंवा एखादे साधन मध्येच बंद पडले, की टंकलेली अक्षरे दिसेनाशी होतात किंवा विचित्र चिन्हे उमटू लागतात. अशा वेळी घाबरून संगणक बंद करू नये. काही दिसत नसले तरी कंट्रोल आणि सी दाबावे, ‘रिसेट’ असे टंकून एंटर करावे, आणि टर्मिनल पूर्ववत होते. खऱ्या कन्सोलवर चित्र अडकून कळा चालत नसतील, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जावे, लॉगिन करून ‘सुडो किलऑल एफबीआय’ द्यावे आणि ‘सुडो सीएचव्हीटी १’ लिहून परत पहिल्या कन्सोलवर यावे. कळफलकच प्रतिसाद देत नसेल तर याच दोन आज्ञा दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून एसएसएचने शिरून द्याव्यात, कारण पडदा अडकला तरी संगणकाचे बाकीचे काम सुरूच असते आणि कॅमेऱ्याची छायाचित्रे साठत राहतात.